हलती ठेव

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. गोठ्यामागं कडुलिंबाखाली जीप, चारही टायर बसलेले, बॉनेटवर कोंबडी. नाक उंच आहे, म्हणजे सीजे-थ्री-बी मॉडेल. ते नाक ऐट म्हणून उंच नाही. हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनच उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडं महिंद्रा ते पुढंही बनवत राहिली. तुझ्या आज्यानं ही गाडी एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली तेव्हा मी गॅरेजात पाने पुसायचो. म्हणून ती कोंबडी पाहून जरा लागलं.

बाबांना त्यात डिझेल इंजिन बसवायचं आहे. काकाला रुंद टायर आणि लाईटांची पट्टी पाहिजे. तुला नटबोल्ट-नटबोल्ट खोलून, चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, उघडी करून, कारखान्यातून निघाली तशी करायची आहे. 'कोणाचं ऐकू?' असं तू विचारलंस. आणि या सगळ्याच्या मधात एक ओळ टाकून दिली आहेस: 'आजी म्हणते, मले एकदा त्या जीपीतून सालबर्डीले न्या.' पुढच्याच ओळीत रंग कुठला द्यायचा ते विचारतेस. अगं, कामाची ओळ तेवढी एकच होती!

माझं एकच सांगणं आहे. आधी हलती कर, मग हलती ठेव. कोणत्याही कामासाठी, कितीही मोठ्या कामासाठी, ती पंधरा दिवसांच्या वर खोललेली, दगडावर राहता कामा नये. एक काम काढायचं, संपवायचं, वेशीपर्यंत चक्कर मारायची, मग दुसरं काढायचं. रंग गेलेला असू दे. वरचं कापडी हूड फाटलेलं असू दे. हलती ठेव.

तुला वाटेल, म्हातारा गॅरेजवाला, याला जुगाडाची सवय. तर ऐक.

१९९६ च्या दिवाळीनंतर मी आमची जीप खोलली. तीच जात, तेच इंजिन. तेव्हा मोर्शीत माझा हात चांगला बसला होता, लोक वरूडहून गाड्या आणायचे. मला वाटलं, तीन महिने. बॉडी उचलून अंगणात ठेवली, चेसिस चार दगडांवर, इंजिन भावाच्या गोठ्यात, कारण तिकडं पाऊस लागत नव्हता. बारीकसारीक सामान तेलाच्या डब्यांत, प्रत्येकावर खडूनं नाव. पोरगा नऊ वर्षांचा होता, उजेडाला हातातली बॅटरी धरून बसायचा, 'बाबा, हे कशाचं?' विचारायचा. वहिनी चहा आणताना डब्याला पाय लावू नका म्हणून ओरडायची. बरं चाललं होतं.

मग गिऱ्हाइकांच्या गाड्या आल्या. घरच्या गाडीला कोण घाई करतो? पहिल्याच पावसाळ्यात खडू पुसला गेला. दुसऱ्या वर्षी भावानं डिझेलचा विषय काढला, आणि तिथून बिनसलं. २००१ मध्ये वाटणी झाली. चेसिस माझ्या अंगणात, इंजिन त्याच्या गोठ्यात, मधात विटांची भिंत. गाडी उभी राहिली २००९ ला. तेरा वर्षं, बाप्पा. सुंदर झाली. आजही कोणी पाहिली की म्हणतो, काय काम केलं काका! पोरगा पुण्याला असतो. आला की तिच्यात बसतो, मोबाइल पाहतो. त्याचा दोष नाही. बॅटरी धरायचं वय दगडावरच निघून गेलं.

संत्र्याला ताण देतात ना तुमच्याकडं, मृगाच्या बहारासाठी? पाणी तोडतात, पण हिशोबानं. पानं जरा मलूल झाली की पुन्हा पाणी. ताण देऊन विसरलीस तर फूल राहिलं बाजूला, झाडच वाळतं. उभ्या गाडीचं तसंच. रबर आखडतं, पेट्रोलचा चिकटा होऊन कार्बोरेटर बसतो, ब्रेक धरून बसतात. आणि घरचे लोक तर रबरापेक्षा लवकर आखडतात.

आता कामाचं. इंजिन जाम असेल तर ट्रॅक्टरला बांधून ओढू नकोस, काका म्हणेल तरी नाही. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोड, तीन-चार दिवस मुरू दे. मग पुढून हँडल लावून हातानं हलव. पुढं-मागं, पुढं-मागं, जोर न करता. सुटलं की प्लग लाव, पण हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. इंजिनानं उलटं फेकलं तर अंगठा मोडतो. माझा उजवा बघ कधी.

सुरू झालं म्हणून गाडीत बसायचं नाही. आधी ब्रेक. या गाडीत चारही चाकांना ड्रम, आणि ऑइलची लाइन सगळ्यांची एकच. एका चाकाचा सिलेंडर गळाला की चारही चाकांचा ब्रेक जातो, पेडल सरळ पत्र्याला टेकतं. त्यामुळे 'तीन तर ठीक आहेत' असं इथं नसतं. सगळे रबर कप नवे, रबरी होज नवे, पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो मास्टर सिलेंडर उघडून पाहायचा. ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नकोस, पापुद्रा निघतो. पेट्रोलची टाकी काढून धुऊन घे. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. पाइप आणि पंपाचा पडदा बदलून टाक.

पाने इंचांचे लागतील. मिस्त्री सुतात बोलेल, तर चार सूत म्हणजे अर्धा इंच, एवढं ध्यानात ठेव. बाबांच्या पेटीतला १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला बसल्यासारखा वाटतो. बसत नाही. ०.३ मिलिमीटरचा फरक, आणि बोल्टाची टोपी गोल. गोल झालेल्या बोल्टापायी मी रात्री घालवल्यात.

आता डिझेल. तुझ्या बाबांना राग येईल, पण मी माझ्या भावाला जे सांगितलं तेच सांगतो: नको. डिझेल इंजिन जड असतं, पुढचे स्प्रिंगचे पाटे बसतात, माउंटिंगसाठी चेसिसला वेल्डिंग मारतात आणि पांदणीत आदळून ती वेल्डिंगच्या कडेलाच चिरते. अशा किती चेसिस मी जोडल्यात! भाऊ म्हणायचा, पेट्रोल पितं, डिझेल परवडतं. पैशाचा हिशोब त्याचा बरोबर होता. गाडीचा हिशोब माझा बरोबर होता. आणि २०२१ मध्ये जेव्हा व्हिंटेज गाड्यांचा नियम आला, ५० वर्षांवरची गाडी, इंजिन-चेसिस-बॉडीत मोठा फेरफार नको, तेव्हा मी तो पेपर घेऊन भिंतीपलीकडं गेलो होतो. दाखवला त्याला. तो म्हणाला, 'बरं, तू जिंकला. चहा घेतो का?' मी घेतला नाही. घ्यायला पाहिजे होता, पण माझं चूक नव्हतं, हे आजही म्हणतो.

वहिनीनं त्यादिवशी दारातूनच विचारलं होतं, 'भाऊजी, डिझेल टाकलं असतं तर दोन हजार सालीच चालली असती ना?' याचं उत्तर मला अजून सापडलं नाही. तेव्हा तू असं कर: पेट्रोल इंजिन सुटत असेल तर पेट्रोल. ब्लॉकच चिरला असेल, तर बाबांशी भांडत दोन वर्षं घालवू नकोस. हे लिहिताना मला काय वाटतंय ते तुला सांगत नाही. पण हलती ठेव.

त्या व्हिंटेज नंबरच्या मागंही लागू नकोस. नंबरात 'व्हीए' येतं, दहा वर्षांची नोंदणी, २० हजार फी ठरवली होती, आणि एवढं करून रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. मग आजी सालबर्डीले कशी जाईल? साधी नोंदणीच चालू कर, फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. आरसी आज्याच्या नावावर असेल तर फॉर्म ३१, वारसांच्या सह्या. तिथं काकाची सही लागेल, म्हणून लाईटांच्या पट्टीवर आत्ताच तोंड वाजवू नकोस. पट्टी दोन बोल्टांवर बसते आणि दोन बोल्टांवर निघते. त्याला लावू दे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना शिकव. पुढच्या चाकांची ताकद फक्त वावरात नाहीतर चिखलात जोडायची. डांबरी रस्त्यावर जोडली तर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना पिळतात, कारण दोघांना कमीजास्त वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल मधात नाही. लिव्हर निघेनासा होतो, मग लोक त्याला हातोडा घालतात. काळ्या मातीत पावसाळी पांदण लागली की थांबून जोड, आणि हळू पण जोरानं ओढणारा लो गेअर टाक. चाक फिरवून फिरवून माती उडवणं म्हणजे खड्डा खोदणं.

तू डिप्लोमाला आहेस, मोजमाप कळतं, वही ठेवशील. ठेव. पण वहीत तुझं एकटीचं अक्षर नको. बाबांनी काढलेला भाग बाबांनी लिहायचा, काकानं काढलेला काकानं. कुठून काढला, कोणत्या बाजूनं, वॉशर किती. खडूनं नाही.

रविवारी मी येतो. घ्यायला कोणी पाठवू नकोस, सकाळची बस आहे. मास्टर सिलेंडरचं माप घेऊ, मग सामान आणू. आणि आजीला विचारून ठेव, पुढं बसायचं की मागं. मागची सीट आडवी असते, तिचे गुडघे दुखतात. पुढं बसणार असेल तर पहिलं काम त्या सीटच्या खालचा पत्रा, बाकी सगळं नंतर.

तुझे,
गॅरेजवाले काका

ता. क. मी येईपर्यंत चाकांना हात लावायचा मोह झालाच, तर डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. आमच्याकडं एकानं पाइप लावून जोर केला होता, तीन स्टड तोडले.