सुरतला गेलात, साहेबांना सांगितलं नाही, आता समन्स

अमळनेर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. बांधावरच्या भांडणात ३२४ ची (जुन्या भादंविखाली हत्याराने दुखापत केल्याची) केस झाली, कोर्टाने जेलमध्ये न टाकता दोन वर्षांच्या बॉन्डवर सोडलं, वर परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख. काही महिन्यांनी हे सुरतला लूमवर कामाला निघून गेले, आता यांना आणि जामीनदार मामांना समन्स आलंय. "ऑफिसात गेलो तर साहेबच नव्हते, माझी काय चूक? आलो तर आत टाकतील का?"

असेच फोन मला धुळे-नंदुरबारकडूनही येतात. साहेब नव्हते हे खरं असेल, त्यांच्यामागे बाल न्याय मंडळाचे रिपोर्ट असतात, शिवाय गावोगाव फिरणं. पण भाऊ, आवक-जावकला एक अर्ज टाकून शिक्क्याची पोच घ्यायला काय लागतं? राहण्याच्या जागेची अट बॉन्डमध्ये असेल, त्यावर सही तुमचीच ना? ती अट बदलायची असेल तर परिविक्षा कायद्याच्या (प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट) कलम ८ खाली अधिकाऱ्यानेच कोर्टात अर्ज करायचा असतो, तोही बॉन्ड चालू असताना, म्हणून आधी त्यांच्याकडे जायचं होतं.

असो. आता सगळं कलम ९ वर आहे. अट मोडली हे सिद्ध झालं तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, किंवा पहिलीच चूक असेल तर जास्तीत जास्त ५० रुपये दंड लावून बॉन्ड पुढे चालू ठेवू शकतं (हो, पन्नासच, कायदा १९५८ चा आहे). तुमच्या वकिलाने सगळा जोर या "पहिलीच चूक" वर लावायचा, कारण एकदा मूळ शिक्षा झाली की कलम १२ चं संरक्षण जातं, मग नोकरीत वगैरे कायद्याने जी अपात्रता लागू असेल ती लागते. संरक्षण राहिलं तरी खातं नोकरीला घेईलच असं मी म्हणणार नाही, दोषी ठरल्याचा ठपका काही पुसला जात नाही.

आत टाकतील का, तर निकालापर्यंत कोठडी की जामीन हे जजसाहेबांवर आहे, गॅरंटी देत नाही. पण सरळ वॉरंट न काढता समन्स पाठवलंय, त्यामुळे तारखेच्या आदल्या दिवशीच भुसावळकडची गाडी धरा. लूमवरच्या हजेरीचा, पगाराचा काही कागद असेल तो आणा, दुसरी कुठली केस नाही हेही वकिलाला सांगा. दंड झाला तर त्याच दिवशी भरा, न भरल्यास परत मूळ शिक्षेचा रस्ता मोकळा होतो. आणि मामांनाही सोबत घ्या, समन्स त्यांच्याही नावाने आहे.