दोन पानं वांगाची, एक ओळ तळव्यांची

«ताई, वय २७, पहिलंच बाळंतपण, तेहतिसावा आठवडा सुरू आहे. पाचव्या महिन्यापासून गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आलेत. बेंबीखाली काळी रेघ, पोटावर जांभळट व्रण. डोहाळजेवणाचे फोटो मी कुणालाच पाठवले नाहीत. मावससासूबाई चारचौघींत म्हणाल्या, ‘काळवंडलीय, म्हणजे मुलगाच.’ मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावतेय, पण फरक नाही. काय करू? जाता जाता, आठ-दहा दिवस रात्री तळहात-तळपायांना फार खाज येते. पुरळ नाही. सासूबाई म्हणतात, बाळाला जावळ येतंय. डॉक्टरांची तारीख बारा दिवसांनी आहे, तोवर उगाच फोन कशाला, असं ह्यांचं म्हणणं. – एक वाचक, सोलापूर»

अगं, दोन पानं चेहऱ्यावर लिहिलीस आणि खरी गोष्ट ‘जाता जाता’मध्ये टाकलीस! छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून पत्र मिळाल्या दिवशीच तुला उलट निरोप पाठवला. तोच इथे सविस्तर लिहिते, कारण तुझ्यासारख्या बऱ्याच जणी ‘तारखेची’ वाट पाहत बसलेल्या असतात.

पत्राच्या समासात तू लिहिलंयस की रात्री दोन वाजता न्हाणीघराच्या थंड फरशीवर पाय टेकून बसतेस आणि कंगव्याने तळवे खाजवतेस. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला फोन लावला. मी डॉक्टर नाही, पण पुरळ नसताना तळव्यांना खाज, तीही रात्री वाढणारी आणि शेवटच्या तिमाहीत, एवढं ऐकून तिने एकच विचारलं, “बाइल अ‍ॅसिड तपासलं का?”

गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काहींच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही. ते तुंबतं, त्यातली आम्लं, म्हणजेच बाइल अ‍ॅसिड, रक्तात वाढतात आणि खाज सुटते. याला कोलेस्टॅसिस म्हणतात. आईला छळ होतो, पण बाळंतपणानंतर सहसा तो आपोआप जातो. काळजी असते ती बाळाची. रक्तातलं बाइल अ‍ॅसिड लिटरला १०० मायक्रोमोलच्या घरात किंवा वर गेलं, तर पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर हा आकडा पुन्हा पुन्हा तपासतात आणि गरज वाटली तर बाळंतपण थोडं आधी करतात. आकडा कमी असेल तर एवढं घाबरायचं कारण नसतं. पण तो तपासल्याशिवाय कळणार कसा?

तेव्हा बारा दिवस नाही, आजच फोन. काय बोलायचं हे सुचत नसेल तर हे वाचून दाखव: “डॉक्टर, तेहतिसावा आठवडा आहे, दहा दिवस तळहात-तळपायांना रात्री खाज येतेय, पुरळ नाही. बाइल अ‍ॅसिड आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करायला कधी येऊ?” पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज तशीच राहिली, तर पुन्हा तपासणी करायची का, हेही विचार. कधी खाज आधी येते आणि आकडा मागून वाढतो. लघवी गडद होतेय का बघ. शौचाच्या रंगावर मात्र फार विसंबू नकोस, लोहाच्या गोळ्यांनी तो काळाच होतो. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर फोनबिन न करता थेट दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

सासूबाईंवर रागावू नकोस. ताणलेल्या पोटाला खाज येतेच, त्यांनाही आली असणार. पण तळव्यांचा आणि जावळाचा काही संबंध नाही. काहींना पोटावरच्या व्रणांतच लाल गांध्या उठतात, मांड्यांवर उतरतात, बेंबी तेवढी सुटते. जीव नकोसा होतो, पण बाळाला त्याने अपाय होत नाही. उलट बेंबीभोवती सुरू होऊन पाण्याचे फोड आले, तर तो वेगळा आजार आहे, लगेच दाखवायचा. तुला यातलं काहीच नाही, म्हणून तर तळव्यांवर इतकी शाई घालवली.

आता ट्यूब. मागच्या बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन यांतलं एखादं जरी नाव असलं, तरी आजपासून बंद कर आणि डॉक्टरांना ती ट्यूबच नेऊन दाखव. पहिली दोन गरोदरपणात टाळायला सांगतात. तिसरं स्टेरॉइड, ते मनाने चेहऱ्यावर चोळत राहिलं की कातडी पातळ होते. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, तरी काउंटरवरून ती बिनबोभाट मिळतात, हे तुलाही ठाऊक आहे.

वांग बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिकं होतं, काहींचं थोडं मागे राहतं. सोलापूरच्या उन्हात निघताना छत्री, ओढणी आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एवढं पुरे. काळी रेघही हळूहळू विरते. व्रण पुसले जात नाहीत, रंग उतरून चंदेरी होतात. खोबरेल लाव, ओढ कमी वाटेल, पण त्याने व्रण थांबतील असं मी सांगणार नाही. आणि काळवंडल्याचा मुलग्याशी काडीचा संबंध नाही. मावससासूबाईंना हसून सांग, “मावशी, सोनोग्राफीवाले जे सांगत नाहीत ते तुम्ही गालावरून सांगताय!”

राहिले तुझे ‘हे’. त्यांना नुसतं सांगू नकोस, आज रात्री दोनला उठवून त्या फरशीवर शेजारी बसव. सकाळी गाडी तेच काढतील.

बाइल अ‍ॅसिडचा रिपोर्ट बऱ्याच ठिकाणी बाहेर पाठवावा लागतो, एक-दोन दिवस जातात. तोवर थंड पाण्यात पाय, सुती कपडे, कॅलामाइन आणि कापलेली नखं. कंगवा आईकडे ठेवायला दे. आकडा आला की कळव, मी वाट बघतेय.

– तुझी ताई