विहीर कुणाच्या गटात?

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय २४. भूगोलात बी.ए. केलं आणि सहा महिन्यांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. अकरा गावांतल्या विहिरी, नाले, बांध आणि शेतांचे गट एका नकाशावर आणायचं काम माझ्याकडे आहे. काही गावं दारव्हा तालुक्यातली, काही कळंबची. गाव नकाशांचे स्कॅन आहेत, सातबाऱ्यांवरून उतरवलेली एक्सेलची यादी आहे, चार कार्यकर्त्यांनी मोबाइलवर घेतलेले विहिरींचे जीपीएस आकडे आहेत, उपग्रहाचं चित्र आहे. एकावर एक ठेवलं की काहीच बसत नाही. काही विहिरी तर थेट ओडिशात दिसतात! साहेब म्हणतात, 'थोडं सरकवून जुळवून घे, महिनाअखेर नकाशा हवा.' तसं करू का? की मला हे काम येतच नाही?
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : सरकवू नकोस. बाकी सगळं नंतर सांगते, पण आधी एवढं ऐक. काम येत नसतं तर विहिरी चुकीच्या जागी आहेत हे तुझ्या लक्षातच आलं नसतं.

तुझ्याच वयाची असताना मी ते सरकवलं होतं. एका ठेकेदाराकडे गाव नकाशे संगणकावर आणायचं काम करत होते. एका गावचा नाला जुन्या नकाशात एका जागी होता आणि उपग्रहाच्या चित्रात त्याच्या पूर्वेला. मी नकाशा ताणून नाल्यावर नाला बसवला. दिसायला छान झालं. पण नाल्याबरोबर आजूबाजूचे गटही सरकले आणि एका शेतकऱ्याची विहीर त्याच्या भावाच्या गटात गेली. दोघांचं आधीच वाकडं होतं. चावडीत नकाशा लावला त्या दिवशी जे झालं ते आठवलं की आजही पोटात कालवतं. गावातले एक म्हातारे बाबा मला हाताला धरून बांधावर घेऊन गेले. तिथं हद्दीचा दगड होता, शेजारी जुना लिंब होता. 'हा दगड तुमच्या नकाशात कुठं आहे, बाई?' त्यांनी एवढंच विचारलं. नाला एका पुरात बदलला होता. जुना नकाशा त्याच्या साली बरोबर होता, उपग्रहाचं चित्र त्याच्या साली. चूक फक्त माझ्या ताणण्यात होती.

म्हणून आता कुठलीही फाइल हातात आली की मी आधी चार गोष्टी विचारते. कोणी मोजलं, कधी मोजलं, कशानं मोजलं आणि कशासाठी मोजलं? सातबारा महसुलासाठी आहे, त्यावरचं क्षेत्र चित्रावरून काढलेल्या क्षेत्राशी आरापर्यंत जुळेलच असं नाही. कार्यकर्त्यानं विहिरीशेजारी उभं राहून आकडा घेतला की रस्त्यावर गाडीवर बसून, हेही विचारायचं. फोन अचूकता मीटरमध्ये दाखवतो. मोकळ्या रानात ती चार-पाच मीटर असते, आंब्याच्या दाट सावलीत बरीच बिघडते. तो आकडा यादीत वेगळ्या रकान्यात हवाच. आणि विहिरीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असशील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. साधा फोटो म्हणून आला की त्यातली जागेची नोंद पुसली जाते.

आता ओडिशाचं. यात तुझी चूक नाही, तुझ्या जिल्ह्याच्या जागेची गंमत आहे. मीटरमध्ये आकडे देणारी यूटीएम पद्धत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडते, त्यांना झोन म्हणतात. झोन ४३ आणि ४४ यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि ती रेघ यवतमाळ जिल्ह्याच्या मधून जाते. दारव्हा, दिग्रस, पुसद ४३ मध्ये. यवतमाळ शहर, कळंब, राळेगाव, वणी ४४ मध्ये. तुझ्या दोन्ही तालुक्यांच्या फाइली उघडून पूर्वेकडचे आकडे बघ. दारव्ह्याचे सात लाखांच्या पुढचे असतील, कळंबचे दोन लाखांच्या आसपास. दारव्ह्याचे आकडे झोन ४४ समजून वाचले की विहिरी सहा अंश पूर्वेला, म्हणजे सव्वासहाशे किलोमीटर दूर ओडिशात पडतात. उलटी चूक झाली की कळंबच्या विहिरी दमणसमोरच्या समुद्रात जातात. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर याहून लांब, पार उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांपाशी. विहीर कुठं जाऊन पडली यावरूनच चूक कोणती ते कळतं. म्हणून भलत्या जागी पडलेले ठिपके लगेच पुसू नकोस.

दुरुस्ती करताना एक भेद सांभाळ. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेअरची (नकाशाच्या एका थराची) प्रणाली, म्हणजे आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत ती नोंद, 'सेट' करणं आणि लेअर 'रिप्रोजेक्ट' करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते, दुसऱ्यात आतला माल. चिठ्ठी चुकीची असेल तरच ती बदलायची. दारव्ह्याच्या फाइलीला आधी ३२६४३ हा तिचा खरा, म्हणजे झोन ४३ चा कोड दे आणि मग सगळंच एका प्रणालीत आण. जुनी टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा छापील नकाशा) वापरणार असशील तर तिच्या कोपऱ्यातला मजकूरही वाच. जुन्या शीट एव्हरेस्ट या जुन्या मापनगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या तेव्हा धरलेल्या आकारावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. आपल्या भागात या दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. तेवढ्यात विहीर दोन शेतं ओलांडते.

तू ज्या रेघेमुळे रडकुंडीला आलीस, त्या ७८ रेखांशाच्या आसपासनंच विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकानं दक्षिणेकडून उत्तरेकडे भारत मोजत आणला होता. १८०२ मध्ये मद्रासला त्यानं पायारेषा मोजली आणि जानेवारी १८२३ मध्ये काम करता करताच तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. तुझ्यापासून फार लांब नाही, जमलं तर एकदा जाऊन ये.

एक्सेलची यादी मात्र बारकाईनं तपास, मला जास्त भीती तिचीच वाटते. गट नंबर १२/३ टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, आणि मग तो गट नकाशातल्या गटाशी कधीच जोडला जात नाही. रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मग भरायचा. तारीख होऊन बसलेले गट अंदाजानं सुधारू नकोस, कारण १२/३ होता की ३/१२ हे आता एक्सेललाही सांगता येणार नाही. मूळ सातबारा काढ. जुन्या कागदावर २.२० एकर लिहिलेलं असेल तर ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. एकराचे गुंठे चाळीस. ते दशांश समजून बेरीज केली की एका शेतकऱ्याचे बारा गुंठे तिथंच गेले. जीपीएसच्या आकड्यांचंही तेच. २० अंश १८ मिनिटं ३० सेकंद म्हणजे २०.३०८३. कुणी सरळ २०.१८३० लिहिलं की विहीर जवळपास चौदा किलोमीटर दक्षिणेला जाते, आणि ही चूक ओडिशासारखी डोळ्यात भरत नाही. ती शेजारच्या गावात गुपचूप जाऊन बसते.

गावांची नावं जोडायला वापरू नकोस. वडगाव एकाने अनुस्वार देऊन लिहिलं, एकाने न देता, की संगणकाला ती दोन गावं. शिवाय एका जिल्ह्यात वडगावं असतात किती! शासनाच्या यादीत प्रत्येक गावाला कोड आहे, त्यावरून जोड.

गाव नकाशा जमिनीवर बसवताना चार कोपरे धरून थांबू नकोस. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड, जुन्या पांदणीचा फाटा, देवळाचा कोपरा, हे धर. नाला, झाडोरा, नवा रस्ता धरू नकोस. कागद वर्षानुवर्षांत आकसलेला असतो, तोही सगळीकडून सारखा नाही. दहा खुणा सापडल्या तर सात वापर आणि तीन राखून ठेव. नकाशा बसल्यावर त्या तीन खुणा किती मीटरनं चुकतात ते बघ. तो आकडा तुझ्या नकाशाचा खरेपणा सांगतो आणि तो नकाशावरच लिहायचा.

उपग्रहाच्या चित्राबद्दल थोडंच. सेंटिनेल-२ चं चित्र असेल तर त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा बाय दहा मीटरचा, म्हणजे बरोबर एक आर. त्यात विहीर शोधत बसू नकोस, आणि तुमच्याकडे ज्याला धुरा म्हणतात तो शेताचा बांधही दिसणार नाही. चित्राची तारीख बघ. ऑक्टोबरमधला तलाव आणि एप्रिलमधला तलाव हे दोन वेगळे आकार आहेत. एप्रिलमध्ये नाल्याकाठी हिरवा पट्टा दिसला तर त्याला लगेच 'उन्हाळी पीक' म्हणू नकोस, तो बेशरमाच्या झुडपांचा फोफावाही असू शकतो. जाऊन बघ. जाणं शक्य नसेल तर 'पाहिलेलं नाही' असं लिही.

साहेबांना नकाशा महिनाअखेरच दे. मुदत त्यांचीही असते, त्यांच्यावरही वरून दाब असतो. गट नक्की झालेल्या विहिरी निळ्या दाखव, न झालेल्या लाल. सोबत एक पान जोड: कोणती लाल, का लाल आणि ती निळी व्हायला कोणत्या गावी किती फेऱ्या लागतील. तोंडी नको, कागदावर. मी पाहिलेले बहुतेक वरिष्ठ 'जुळत नाही' या शब्दावर चिडतात, पण 'दोन गावं, तीन दिवस' यावर गाडी देतात. मूळ फाइलींना हात लावू नकोस, त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेव. आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिही. माझ्याकडे तेव्हा तशी वही असती तर त्या गावची विहीर एका दिवसात परत जागेवर आणता आली असती. मला तीन आठवडे लागले.


प्रश्न : मी ४७ वर्षांची, एका नगरपालिकेत मालमत्ता कराच्या कामावर आहे. आता ड्रोनच्या चित्रावरून घरांचे नकाशे होताहेत. संगणकावर सगळी नवी मुलं. माझ्या उपयोगाचं यात काही उरलंय का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : अहो, त्या मुलांना तुमचीच गरज आहे. ड्रोन वरून छत बघतो, घर नाही. छताच्या कडेला धरून रेघ ओढली की छज्जा आणि पुढचं पत्र्याचं शेडही घरात धरलं जातं. एका छताखाली दोन भावांच्या दोन चुली आणि दोन मालमत्ता क्रमांक असतात, तर एका कुटुंबाची मागं न्हाणीघर, बाजूला गोठा अशी तीन छतं असतात. यातलं कुठलं कुणाचं हे त्या चित्रात कुठंही लिहिलेलं नाही. ते तुमच्या डोक्यात आहे आणि तुमच्या जुन्या रजिस्टरात आहे.

क्यूजीआयएस फुकट मिळतं. पहिल्या महिन्यात त्यात तीनच गोष्टी शिका: लेअर उघडणं, घरावर क्लिक करून त्याची माहिती वाचणं आणि त्या माहितीत एक रकाना भरणं. तुमच्या ओळखीची एकच गल्ली घ्या आणि प्रत्येक छतासमोर जुना घर क्रमांक आणि नवा क्रमांक भरा. ज्या छताचा क्रमांक लागत नाही तिथं संध्याकाळी घरी जाताना थांबा आणि दार वाजवा.