घरातल्या जुन्या घंगाळाला इंग्रजीत 'रेलिक' म्हणावं की 'अँटिक'?

तुम्ही विचारलंय, आजोळी सापडलेल्या तांब्याच्या घंगाळाला रेलिक म्हणता येईल का, आणि अँटिकपेक्षा ते वेगळं कसं. मी मालवणकडचा. असल्या वस्तू आमच्याकडे घरोघरी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसती जुनी झाली म्हणून वस्तू रेलिक होत नाही. ती ज्याची होती तो माणूस किंवा तो काळ गेला, ती मागे उरली आणि त्याच्यासाठीच कुणीतरी ती जपली, तर ती रेलिक. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'मागे राहिलेलं' असाच आहे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. १८८२ साली पुरातत्त्व संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा (आजचं नालासोपारा) बौद्ध स्तूप उकरला. तिथले लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत एक दगडी पेटी मिळाली. पेटीत एकात एक बसवलेले करंडक, म्हणजे झाकणाच्या डब्या, त्यांभोवती मांडलेल्या आठ लहान मूर्ती, आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते ठेवलेले होते. सोनाराला विचाराल तर किंमत करंडकाची. पण रेलिक आहे ती खापरी. सोनं तिच्यासाठी घडवलं. ही पेटी आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. बौद्ध परंपरेत अशा अवशेषांना 'धातू' म्हणतात आणि त्यात देहाचे अवशेष वेगळे, वापरातल्या वस्तू वेगळ्या, असे प्रकारही मानतात. भिक्षापात्र दुसऱ्या प्रकारात येतं. जुन्या गोव्यात बॉम जेझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह ठेवलाय, तो पहिल्या अर्थाने रेलिक.

सिंधुदुर्गावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते शिवाजी महाराजांचे, या श्रद्धेने लोक तिथे हात जोडतात. त्यांनाही मी नि:शंक रेलिक म्हणेन.

अँटिक हा बाजाराचा शब्द. वस्तू जुनी असावी, दुर्मिळ असावी, घेणारा गिऱ्हाईक असावा, झालं. ती कुणाची होती याच्याशी देणंघेणं नाही. कायद्यातला शब्द 'पुरावस्तू'. १९७२ च्या कायद्यात त्यासाठी साधारण शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना पंचाहत्तर. आर्टिफॅक्ट म्हणजे माणसाने घडवलेली कुठलीही वस्तू, हा पुरातत्त्वाचा शब्द.

रेलिकचा आणखी एक वापर वर्तमानपत्रांत दिसतो, थोडा नाराजीचा. काळ संपला तरी चिकटून राहिलेली रीत किंवा कायदा. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा खोताचा वंशपरंपरागत हक्क, १९४९ च्या कायद्याने गेली. तरी एखाद्या गावात शिमग्याला पालखीचा पहिला मान खोताच्याच घरी जात असेल, तर इंग्रजीत त्या मानाला 'खोतीचं रेलिक' म्हणतील. तिथे पूज्यभाव अजिबात नसतो.

मराठीत 'अवशेष' चालतो, पण त्याने पडक्या भिंती डोळ्यांपुढे येतात. देवाधर्माचं असेल तर 'पवित्र अवशेष' म्हणा, घरातलं असेल तर 'आजीची आठवण' म्हणा. आपण बोलताना तेच म्हणतो.

आता तुमचं घंगाळ. त्यात अजून आंघोळीचं पाणी काढत असाल तर ते घरातलं भांडं आहे, दुसरं काही नाही. ते पणजीच्या लग्नात आलेलं, ती गेल्यावर कुणी वापरलं नाही पण मोडीतही दिलं नाही, असं असेल तर तुमच्या घरापुरतं ते रेलिक. जुने खांब, दारं, हंडे विकत घ्यायला माणसं गावोगाव फिरतात. त्यांच्या टेम्पोत चढलं की तेच घंगाळ अँटिक होतं, आणि पणजीचं नाव त्याच्यासोबत जात नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून आई-मावशीला आजच विचारा: कुणाचं, कुठल्या वाडीतून आलं, कुठल्या लग्नात. कागदावर लिहून त्यातच ठेवा.

आणि 'सापडलं' म्हणजे परसात खणताना सापडलं असेल, तर आधी तलाठ्याला भेटा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.