67 ची मस्टँग घेतलीय ना? मग इंजिनाचं नंतर बघा, आधी काउलमध्ये, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पेटीत, पाणी सोडा

तुम्ही लिहिलंय की 1967 ची फोर्ड मस्टँग कूप घेतली, 289 व्ही-8 (289 घनइंचाचं आठ सिलिंडरचं इंजिन), ऑटोमॅटिक, गॅरेज एकाच गाडीचं, आणि या हिवाळ्यात आहे ते इंजिन काढून 400 हॉर्सपॉवरचं तयार इंजिन टाकायचंय, ब्रेक आणि पत्र्याचं काम नंतर सावकाश. मी याच मॉडेलवर सहा वर्षं घालवलीत, तीही इथेच न्यू जर्सीत, म्हणून कळकळीने सांगतोय, क्रम उलटा करा. इंजिन सगळ्यात शेवटी.

आधी ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवरचा गाडीचा ओळख नंबर (VIN) वाचा आणि तोच नंबर बोनेटखाली डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलाय का ते बघा. पहिला आकडा 7 म्हणजे 1967. दुसरं अक्षर टी असेल तर गाडी मेटुचेन कारखान्यातली. नाव मेटुचेन, पण कारखाना होता एडिसनमध्ये रूट 1 वर, 2004 ला बंद झाला. म्हणजे ज्या एडिसनला आपण कढीपत्ता आणि बाकरवडी आणायला जातो तिथेच ही गाडी जन्मली, मला तर हे कळलं तेव्हा खूप भरून आलं होतं. पाचवं अक्षर महत्त्वाचं. सी असेल तर टू-बॅरल (हवा-पेट्रोल जायला दोन नळ्या असलेल्या) कार्बोरेटरवाली 200 हॉर्सपॉवरची 289, ए असेल तर फोर-बॅरल 225 ची. आणि तिथे टी निघाला तर गाडी मुळात सहा सिलिंडरची, व्ही-8 नंतर कोणीतरी बसवलंय. मग चाकाचे नट मोजा. चार असतील तर ब्रेकही सहा सिलिंडरवाल्या गाडीचेच, 9 इंची ड्रमचे, व्ही-8 ला पाच नट आणि 10 इंची ड्रम असतात.

आता काउल. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी ज्या जाळीच्या फटी दिसतात ना, त्याच्या खाली दोन पत्र्यांची बंद पेटी आहे, त्यातून हवा आत येते आणि पावसाचं पाणी बाजूने खाली निघून जातं. पानं, माती तिथे साचते, ओल धरते आणि हवेच्या भोकाभोवतीची पत्र्याची कड आतून गंजून जाते, बाहेरून काहीच दिसत नाही, गाडी अगदी चकाचक. मी माझी घेतल्यावर दुसऱ्या आठवड्यात बागेचा पाइप लावून बघितलं, मुलगी तेव्हा बारा वर्षांची, ती टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी झाली होती. मी डावीकडे पाणी सोडलं, काही नाही. उजवीकडे सोडलं तर आधी "बाबा, थेंब आला" आणि मी पाइप बंद करेपर्यंत "बाबा, धार लागली!" मग कार्पेट उचललं, खाली डांबरासारखं काहीतरी फासलेलं, ते खरवडलं तर रिव्हेट मारून बसवलेला साधा टिनचा पत्रा, आणि त्याच्या खाली मला गॅरेजची फरशी दिसत होती. ज्याने विकली त्याने "फ्लोअर सॉलिड आहे" असं सांगितलं होतं. गॅरंटी म्हणून नुसता शब्द धरू नका, स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः टोचून बघा, आणि बाहेरून लोहचुंबक फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. छतावर व्हिनाइल असेल तर त्याच्या खालीही नक्की बघा.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्राच तिचा सांगाडा. म्हणून गंजक्या फ्लोअरवर जास्त ताकदीचं इंजिन म्हणजे ताकद जाऊन बसणार त्याच कुजक्या पत्र्यावर. फ्लोअर कापायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवा-तिरपा चौकोनी पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर गाडी मधून वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. काउल उघडायचं म्हणजे बोनेट, फेंडर, काच सगळं उतरवायचं आणि फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड एकेक करून कटरने काढायचे, कंटाळवाणं काम आहे पण ते चुकत नाही. वरून चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, एखादा सीझन निघतो, गंज आत वाढतच राहतो. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो, वेल्डिंगच्या आधी पत्रा साफ करायला क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर वापरू नका, त्याच्या वाफेवर वेल्डिंगची आच पडली की फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे, माणूस जाऊ शकतो.

मग ब्रेक. 67 पासून मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलतो तो) दोन भागांचा आला हे चांगलं, एक लाइन गेली तरी दुसरी राहते. पण पुढे डिस्क टाकणार असाल तर जुना ड्रमचा मास्टर तसाच ठेवू नका, त्यात ड्रमसाठी थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे डिस्कचे पॅड घासत राहतात आणि तापतात. मागच्या चाकांना प्रेशर कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही हवाच, नाहीतर जोरात ब्रेक मारला की आधी मागची चाकं लॉक.

पेट्रोलची टाकी बघितलीत का? या गाडीत टाकीचा वरचा पत्रा म्हणजेच डिकीचा तळ, आणि डिकी आणि मागच्या सीटमध्ये जवळपास पुठ्ठाच. मागून जोरात धडक बसली तर काय होईल याचा विचार करा. मी मध्ये स्टीलचा पत्रा बसवला, टाकी नवी घेतली, आणि रबरी पाइप सगळे बदलले कारण आत्ताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर सडतं.

आता इंजिन, तुमचा आवडता विषय. ते 200 हॉर्सपॉवर ग्रॉस आहेत, म्हणजे फॅन, एक्झॉस्ट वगैरे न लावता स्टँडवर मोजलेले, रस्त्यावर त्याहून बरेच कमी. पण गाडी हलकी आहे, फोर-बॅरल इनटेक, नीट ट्यून केलेला कार्ब आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन एवढ्यानेच चेहरा बदलतो. वडिलांच्या पद्मिनीचे पॉइंट (जुन्या इग्निशनमधले उघडझाप करणारे स्पार्कचे संपर्क) मी पॉलिश पेपरने घासून दिलेत लहानपणी, त्यामुळे मला पॉइंटचा राग नाही, पण इथे हातात किल्ली घेऊन पहिल्या सेल्फला गाडी लागते ते सुख वेगळंच. फक्त कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर बघा, ती रेझिस्टन्स वायर आहे, पॉइंटसाठी व्होल्टेज कमी करते, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला मात्र पूर्ण 12 व्होल्ट लागतात. लोक मॉड्यूल बसवतात, गाडी मिसफायर करते आणि मॉड्यूलला नावं ठेवतात. कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललात आणि तो जुन्या पद्धतीचा, रोलर नसलेला फ्लॅट टॅपेट असेल तर जस्तवालं ब्रेक-इन ऑइल घाला आणि इंजिन सुरू झाल्या झाल्या 2000 आरपीएमच्या वर वीस-एक मिनिटं ठेवा, आयडलवर सोडलंत तर कॅमचे लोब, म्हणजे त्याचे उंचवटे, तिथेच झिजतात. 400 हॉर्सपॉवर मनात पक्कं असेलच तर मागचा 8 इंची अॅक्सलही बदलायला काढून ठेवा, एवढ्या ताकदीसाठी तो नाहीये.

येत्या शनिवारी ऊन आहे म्हणतात. पाइप लावा, आत कोणाला तरी टॉर्च देऊन बसवा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा, मग कार्पेट काढून फोटो टाका, पायाखालचे आणि पुढच्या शॉक टॉवरचेही (शॉक अॅब्सॉर्बर वर जिथे बसतो तो पत्र्याचा उंच भाग), तिथे चिरा पडतात. काउल उघडायची वेळ आलीच तर स्पॉट वेल्ड कटर विकत घेऊ नका, माझा गॅरेजमध्ये पडून आहे, घेऊन येतो.