घरी पीसीबी एचिंग: ट्रेमध्ये धोका कमी, कालवताना आणि ओतताना जास्त

प्रश्न थोडक्यात असा: १० बाय ८ सेंटिमीटरचा, एकाच बाजूला तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्ड (पीसीबी), डिप्लोमाचा प्रोजेक्ट, नको असलेलं तांबं खाऊन काढायला (हेच एचिंग) बुधवार पेठेतून आणलेलं फेरिक क्लोराइडचं १०० ग्रॅमचं पाकीट, आणि राहायला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हे स्वयंपाकघरात करू का? उरलेलं सिंकमध्ये ओतलं तर चालेल का? आणि मित्र म्हणतो ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने फटाफट होतं, तर तेच वापरू का?

नाही, नाही, आणि पहिल्या बोर्डाला तरी नाही. आता का ते.

फेरिकची भीती लोकांना चुकीच्या जागी वाटते. बोर्ड द्रावणात असतो ती वीस मिनिटं तशी निवांत असतात. अपघात होतात ते त्याच्या आधी आणि नंतर: पावडर पाण्यात टाकताना, द्रावण साठवताना आणि संपलेलं फेकताना.

आधी पाकिटात काय आहे ते बघा. पिवळट-तपकिरी, ओलसर खडे असतील तर त्यात पाणी आधीच बांधलेलं असतं. ते विरघळताना फारसं तापत नाहीत. काळपट, हिरवी झाक असलेली कोरडी पावडर असेल तर ते निर्जल फेरिक. ते पाण्यात पडताच खूप उष्णता सोडतं, द्रावण हात लावता येणार नाही इतकं तापतं, आणि वर हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या झोंबणाऱ्या वाफा येतात. म्हणून दोन्ही प्रकारांना एकच नियम लावा: भांड्यात पाणी आधी, त्यात फेरिक चमच्याचमच्याने, ढवळत. पावडरीवर पाणी कधीही ओतायचं नाही. पाण्याच्या बाटलीत पावडर भरून, झाकण लावून हलवणारे महाभाग असतात. ती बाटली उष्णतेने मऊ पडून वेडीवाकडी होते आणि आतला दाब झाकणातून बाहेर येतो, तोही नेमका तोंडासमोर.

प्रमाण: खडे असतील तर १०० ग्रॅमला १५० मिली पाणी. निर्जल पावडर असेल तर १०० ग्रॅमला ३०० मिली. दोन्हींत ताकद जवळपास सारखीच येते. साधं नळाचं पाणी चालतं. तळाशी थोडा तपकिरी गाळ बसला तर घाबरू नका, निवळ वरून काढून घ्या.

जागा बाल्कनी. खाली जाड प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रांचा जाड थर, आणि ट्रे एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात, म्हणजे सांडलं तरी टबातच राहील. खालच्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत आहेत का तेही बघून घ्या, फेरिकचा डाग कपड्यातून जात नाही. हातात नायट्राइलचे किंवा भांडी घासायचे रबरी हातमोजे, आणि डोळ्यांवर बाजूने बंद असलेला गॉगल. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

स्वयंपाकघर नको, याचं कारण फक्त खाण्याचे पदार्थ एवढंच नाही. फेरिक क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं. स्टीलला असे खड्डे पडतात का, हे तपासायला प्रयोगशाळेत फेरिकचंच द्रावण वापरतात. त्यामुळे स्टीलचं सिंक, चमचा, चाळणी, चिमटा यातलं काही जवळ नको. ॲल्युमिनियमचं भांडं तर मुळीच नको, तिथे जोरात क्रिया होते, उष्णता आणि हायड्रोजन दोन्ही सुटतात. ट्रे, चमचा, चिमटा सगळं प्लास्टिकचं, आणि एकदा वापरलं की कायमचं याच कामाचं. फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी असेल तर दुप्पट काळजी घ्या. हे दगड चुन्याचे, आम्लाने खरवडले जातात. तिथला डाग हा नुसता रंग नसतो, दगडच खाल्लेला असतो.

आता थोडं गणित, कारण किती फेरिक लागतं याचा बहुतेकांचा अंदाज चुकतो. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा. तुमच्या ८० चौरस सेंटिमीटरवर सगळं मिळून अडीच ग्रॅम तांबं. ते सगळंच्या सगळं खायला कागदावर सुमारे २१ ग्रॅम खडे पुरतात. प्रत्यक्षात निम्मी ताकद संपली की द्रावण इतकं मंदावतं की कंटाळा येतो, तरीही १०० ग्रॅमच्या पाकिटात असे दोन बोर्ड सहज होतात. एका बोर्डासाठी पाव किलो आणायची गरज नाही. जेवढं जास्त कालवाल तेवढं शेवटी निस्तरावं लागेल. आणि डिझाइनमध्येच रिकाम्या जागेत ग्राउंडचं (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या जोडणीचं) तांबं भरून ठेवा. त्यामुळे विरघळणारं तांबं निम्म्यावर येतं, वेळ वाचतो आणि मागे उरणारं विषही कमी होतं. सुरक्षिततेचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो संगणकावरच होतो.

द्रावणात टाकण्याआधी बोर्ड स्वच्छ हवा, तोही टोनर (लेझर प्रिंटची काळी शाई, तिच्याखालचं तांबं वाचतं) चढवायच्या आधी. हिरव्या स्क्रबरने भांड्यांचा साबण लावून घासा, धुवा आणि पाणी कसं बसतंय ते बघा. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर ठीक. थेंब थेंब होऊन फाटला तर तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. त्यानंतर तांब्याला बोट लावू नका, कडेने धरा. इस्त्रीने टोनर चढवत असाल तर ट्रॅक (बोर्डावर राहणाऱ्या तांब्याच्या वाटा) अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, कारण फेरिक खाली खातं तसं बाजूनेही खातं. तुटक्या जागा परमनंट मार्करने भरा, दोन हात द्या, आणि शाई पूर्ण वाळू द्या.

द्रावण ४० ते ४५ अंशांवर असावं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. टबात गरम पाणी घालून त्यात ट्रे ठेवा, पाच मिनिटांत जमतं. ५० च्या वर गेलं की वाफा वाढतात आणि मार्करची शाईही सुटते. बोर्डाच्या पाठीला चिकटपट्टीची मूठ करा, तांब्याची बाजू खाली करून बोर्ड तिरका बुडवा आणि मग आडवा तरंगू द्या. तिरका अशासाठी की खाली हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे गोल ठिपका खाल्ल्याशिवाय राहतो. पालथा अशासाठी की तांबं विरघळलेलं द्रावण जड असतं, ते आपोआप खाली बसतं आणि ताजं वर येतं. उताणा ठेवला तर तेच जड द्रावण गोधडीसारखं बोर्डावर पसरून राहतं आणि काम अडतं.

अर्ध्या मिनिटाने बोर्ड उचलून बघा. हे बघणं चुकवू नका, पुढचं सगळं त्यावर आहे. उघडं तांबं सगळीकडे सारखं, मंद गुलाबी झालेलं दिसलं पाहिजे. त्यात एखादा पट्टा अजून चकचकीत असेल तर तिथे कागदाचा पापुद्रा किंवा बोटाचा तेलकट ठसा आहे. आत्ताच बाहेर काढा, धुवा, जुन्या टूथब्रशने तेवढं घासा आणि परत टाका. तसंच रेटलंत तर बाकीचे ट्रॅक झिजेपर्यंत तो पट्टा जाणार नाही.

ट्रे सतत हळूहळू हलवत ठेवा. ताजं द्रावण असेल तर १० ते २० मिनिटं लागतात. आधी कडा साफ होतात, मधली मोठी जागा शेवटी. एफआर-४ चा (काचतंतू आणि रेझिनचा) बोर्ड उजेडासमोर धरला की उरलेलं तांबं सावलीसारखं लगेच दिसतं. शेवटचा ठिपका गेला की लगेच काढा. "अजून दोन मिनिटं असू दे" यात बारीक ट्रॅक जातात. ट्रॅकवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडली तर दोष टोनरचा, विरळ छपाईचा, फेरिकचा नाही. तास उलटला तरी तांबं हलत नसेल तर द्रावण थंड आहे किंवा संपलंय. ताजं द्रावण चहाच्या रंगाचं असतं, संपत आलेलं काळपट हिरवं दिसतं.

काढलेला बोर्ड थेट नळाखाली नको. आधी एका मगातल्या पाण्यात बुचकळा, मग दुसऱ्या मगात थोडा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात, आणि त्यानंतरच नळ. पहिल्या मगातलं पाणी ओतायचं नाही, ते टाकाऊ द्रावणातच जमा करायचं. नंतर टोनर ॲसिटोनने पुसा, पण जवळ गरम इस्त्री किंवा पेटता गॅस नको. भोकं पाडताना मास्क लावा, काचतंतूंची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

ॲसिड-पेरॉक्साइडचं काय? जलद आहे, द्रावण पारदर्शक असल्याने बोर्ड दिसत राहतो, हे सगळं खरं. पण बाथरूम घासायला मिळणारं ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्याच्या वाफा मुळातच वाईट, आणि पेरॉक्साइड जास्त पडलं की क्लोरीन सुटतो. मिश्रण बाटलीत घट्ट बंद केलं तर पेरॉक्साइडमधून निघणाऱ्या ऑक्सिजनने बाटली फुटू शकते. मोकळी जागा आणि मोजमापाचा हात असल्याशिवाय हा नाद नको. सोडियम परसल्फेट हा मधला पर्याय आहे, लिटरला २०० ते २५० ग्रॅम, ४० ते ५० अंशांवर. डाग कमी पडतात, पण तेही ऑक्सिडायझर, त्याचीही बाटली घट्ट बंद करायची नाही. तुमच्या कामाला फेरिकच बरं.

एक मिश्रण मात्र कोणत्याही परिस्थितीत नको: फेरिक किंवा ॲसिड सांडलेल्या जागी ब्लीच. फरशी उजळावी म्हणून ब्लीचिंग लिक्विड ओततात आणि बंद बाथरूममध्ये क्लोरीन तयार होतो. सांडलं तर वर धुण्याचा सोडा पसरा, फेस थांबला की चिंधीने टिपा, मग पाणी. सिरॅमिक टाइलवर डाग उरला तर पातळ ऑक्झॅलिक ॲसिडने जातो, पण तेही विषारी आहे, हातमोजे काढू नका.

द्रावण अजून चालणार असेल तर जाड प्लास्टिकच्या, प्लास्टिकच्याच झाकणाच्या बाटलीत भरा. कोल्ड्रिंकची बाटली कदापि नाही. आतला रंग हुबेहूब कोल्ड्रिंकसारखा दिसतो आणि घरात लहान मुलं असतात. ठळक अक्षरांत "विष, फेरिक क्लोराइड" आणि तारीख लिहा. हत्यारांच्या कपाटात ठेवू नका, झाकण लावलेलं असलं तरी आसपासच्या पकडी आणि ड्रिल बिट्स काही महिन्यांत गंजतात.

आता फेकण्याचं. ताजं फेरिक तसं मैलापाणी निवळायलाही वापरतात, लोखंड हा मोठा प्रश्न नाही. प्रश्न विरघळलेल्या तांब्याचा आहे. द्राक्षबागेत बुरशी मारायला बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं मोरचूद म्हणजे तांबंच. तेच तांबं ड्रेनेजमधून गेलं की सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू आणि नाल्यातले मासे मारतं. शिवाय तुमच्या सिंकची जाळी आणि पाइपही खातं.

तर संपलेलं द्रावण बादलीत घ्या, दुप्पट पाणी घाला आणि जुने साधे लोखंडी खिळे टाकून दोन-तीन दिवस बाल्कनीत उघडं ठेवा, मुलांच्या आणि मांजरांच्या पोहोचेबाहेर. लोखंड विरघळतं आणि तांबं लालसर भुकटी होऊन खिळ्यांवर बसतं. खिळे गॅल्व्हनाइज्ड नकोत, जस्ताने फेस आणि हायड्रोजन फार होतो. स्टेनलेसची घासणीही चालणार नाही. घासलेला नवा खिळा बुडवून पाच मिनिटांत त्यावर लाली धरली नाही, तर बहुतेक तांबं निघालं असं समजा.

मग धुण्याचा सोडा, चमच्याचमच्याने. मूळ १०० ग्रॅम खड्यांमागे सुमारे ६० ग्रॅम कोरडा सोडा लागतो आणि त्यातून जवळजवळ १३ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. हा आकडा लक्षात असला की मोठी बादली का आणि घाई का नको ते कळतं. फेस येणं थांबलं आणि पीएच पट्टी ७ ते ८ दाखवू लागली की रात्रभर ठेवा. वरचं पाणी निवळलं, त्यात हिरवी-निळी छटा नसली, की ते भरपूर पाण्यासोबत ड्रेनेजमध्ये सोडता येतं. छटा असली तर अजून थोडा सोडा आणि अजून एक रात्र.

खालचा गाळ आणि तांब्याची भुकटी कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात नको. गाळ जुन्या प्लास्टिकच्या डब्यात मूठभर सिमेंटसोबत कालवून घट्ट होऊ द्या आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. तुमच्या बाबतीत त्याहून सोपं म्हणजे कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबला आधीच विचारून ठेवणं; टाकाऊ रसायनं उचलायची व्यवस्था त्यांच्याकडे असायला हवी, आणि असली तर खिळे-सोड्याचा सगळा खटाटोप वाचतो, बंद बाटलीच नेऊन द्यायची.

काम सुरू करण्याआधी बाल्कनीत पाण्याची भरलेली बादली आणि मग ठेवा. डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं सतत पाणी, आणि नंतर डोळ्यांचा डॉक्टर, बरं वाटलं तरीही. डोळ्यात सोड्याचं पाणी घालायचं नाही. त्वचेवर पडलं तर भरपूर पाणी आणि साबण. पिवळा डाग आठवडाभर राहतो, तो डाग म्हणजे भाजणं नव्हे. पोटात गेलं तर उलटी करवू नका, तोंड धुवा, १०८ ला फोन करा आणि पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जा.