पुलावर फायबरवालं डांबर टिकेल का?

टिकेल, पण कुठलं फायबर ते आधी विचारून घ्या. चिकोडीकडच्या तुमच्या पुलावर जुनं डांबर न काढता वर ४० मिमीचा फायबरवाला थर घालतो, असं कंत्राटदार म्हणतोय. त्यातलं ‘न काढता’ मला जास्त खटकतंय.

एसएमएमध्ये (स्टोन मॅस्टिक अस्फाल्ट, मोठ्या खडीचं डांबरी मिश्रण) सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतू, पडतं, मिश्रणाच्या ०.३ टक्के, म्हणजे टनाला ३ किलो. या मिश्रणात मोठी खडी एकमेकीला टेकून बसते आणि डांबर ५.८ टक्क्यांच्या आसपास, नेहमीपेक्षा जास्त. ते गरम असताना ट्रकच्या तळाशी गळू नये, एवढंच सेल्युलोजचं काम. भार खडी घेते. ॲरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचं काम वेगळं. ते लागतं अगदी थोडं, डांबर मिसळायच्या प्लांटच्या १६०-१७० अंश सेल्सिअसमध्ये वितळत नाही, आणि भेग उघडायला लागली की तिच्या कडा धरून ठेवतं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिकचं फायबर तेवढ्या उष्णतेत वितळून जातं. तेव्हा कोटेशनात नुसतं ‘फायबर’ चालायचं नाही, जात आणि टनाला किती ते लिहून घ्या.

आपल्याकडे खरा मार उसाच्या ट्रॉल्यांचा. भरलेल्या, सावकाश चालणाऱ्या, कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभ्या. डांबर अशा संथ ओझ्याखाली दबतं, चाकोऱ्या पडतात. तिथं एसएमए उजवं. पूल कणकुंबीच्या अतिपावसाच्या भागात असता तर आधी पावसाचं बोललो असतो.

आता पूल. डांबरी थर घनमीटरला साधारण २.३५ टन भरतो. ७.५ मीटर रुंद, ३० मीटर लांब पुलावर दर जादा सेंटीमीटरला सव्वापाच टन ओझं कायमचं बसतं. कठडे बुटके होतात, पाणी जायच्या नळ्या बुजतात. जुना थर मिलिंग करून, म्हणजे यंत्रानं खरवडून, काढायला लावा, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग बघा, मग टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून डांबराचा पातळ लेप. टॅक कोटमध्ये कंजुषी झाली की पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो, फायबर कितीही भारी असो. आणि एक्स्पान्शन जॉइंटवरून (पूल उन्हात प्रसरण पावतो त्यासाठी सोडलेली फट) थर सलग ओढू देऊ नका, तिथं ॲरामिडही हात टेकतं.

काम मार्च-एप्रिलच्या उन्हात घ्या. पुलाला खालूनही वारा लागतो, पातळ थर झटकन निवतो आणि मग रोलर नुसता फिरतो. अंथरल्यावर काळे चकचकीत डाग दिसले तर डांबर गळलंय किंवा फायबरच्या गुठळ्या झाल्यात. रोलर फिरायच्या आत तेवढा माल उचलायला सांगा.